एबीएसचा दिवा लागला, तर आधी गाडीचा इतिहास विचारा

शनिवार-रविवारी भोरहून आंबवड्याकडे येणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं, की हौशी चालकांच्या जुन्या, दमदार गाड्या हमखास दिसतात. कुणी नागेश्वराच्या दर्शनाला आलेलं असतं, कुणी कान्होजी जेध्यांची समाधी पाहायला, तर कुणी पुढे कोर्ल्यामार्गे रायरेश्वराला निघालेलं असतं. यातल्या कितीतरी गाड्या अस्सल महाराष्ट्राच्या मातीतल्या आहेत. ऑक्टाव्हिया तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याची; तिची 150 अश्वशक्तीची टर्बो आरएस आवृत्ती 2004 मध्ये आली. लिनिया टी-जेट (2010) आणि 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो (2015) रांजणगावच्या. पोलो जीटी टीएसआय (2013) चाकणची. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत आणि प्रत्येक मालकाने त्यात आपल्या आवडीची भर घातली आहे. कुणी गाडी खाली बसवली, कुणी मोठे अलॉय घातले, कुणी इंजिनाचा प्रोग्राम बदलला, कुणी पुढचे ब्रेक मोठे केले.

अशा गाडीत एक दिवस एबीएसचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं, ‘सेन्सर गेलाय, बदलून टाका.’ सेन्सर बदलला जातो, दिवा दोन दिवस विझतो आणि पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर, मग बेअरिंग, मग जुन्या बाजारातलं मॉड्यूल. पैसे जातात, गाडी अडकून पडते आणि शेवटी कंटाळून मालक म्हणतो, ‘राहू दे तो दिवा, ब्रेक तर लागतायत ना.’

हे शेवटचं वाक्य फार घातक आहे. भोरच्या पश्चिमेला पाऊस दणकून पडतो. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर खाचरातला चिखल डांबरावर येतो. वळणापलीकडे गुरं उभी असतात. एबीएस बनवलंय ते नेमकं अशाच क्षणासाठी. म्हणून हा बिघाड शोधायचाच, पण अंदाजाने नाही, क्रमाने. बदल केलेल्या जुन्या गाडीत पहिला प्रश्न ‘कोणता पार्ट गेला?’ हा नसतो. ‘या गाडीत काय काय बदललं गेलं, आणि कधी?’ हा असतो.

एबीएस नेमकं काय करतं

आजच्या स्वरूपातलं इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लाससाठी आणलं. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग किंवा चुंबकीय पट्ट्यांची चकती त्याच्यासमोरून जाते आणि त्यातून ठोके तयार होतात. कंट्रोलर चारही चाकांचे ठोके सतत ताडून पाहतो. ब्रेक मारताना एखाद्या चाकाचा वेग गाडीच्या मानाने एकाएकी कोसळला, तर ते चाक जाम होणार हे त्याला कळतं. त्या चाकाचा दाब वाल्वने रोखला जातो, कमी केला जातो, पुन्हा वाढवला जातो आणि हे एका सेकंदात अनेक वेळा घडतं. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक चाकाला एक आत सोडणारा आणि एक बाहेर सोडणारा, असे एकूण आठ वाल्व असतात. सोडलेलं ब्रेक ऑइल परत ढकलायला एक पंप असतो.

एवढं लक्षात ठेवलं, की शोधाच्या जागा आपोआप ठरतात: रिंग, सेन्सर, वायर, वीजपुरवठा, कंट्रोलर, आणि पंप-वाल्वचा ठोकळा (या शेवटच्या दोघांना मिळून मॉड्यूल म्हणतात). बिघाड यांपैकी कुठेही असू शकतो. सेन्सर ही त्यातली फक्त एक जागा.

दिवे वाचायला शिका

चावी ‘ऑन’ केल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. ही त्याची स्वतःची तपासणी. तो विझलाच नाही, तर बहुधा विजेच्या जोडणीतला कायमचा दोष आहे: तुटलेली वायर, जळालेला फ्यूज, मेलेला सेन्सर. तो आधी विझला आणि गाडी थोडी चालल्यावर लागला, तर कंट्रोलरला चाकांच्या वेगांत काहीतरी विसंगत दिसलं आहे.

एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल, तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त चाक जाम होण्यापासूनचं संरक्षण गेलेलं असतं. त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला घ्या. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशा गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. हे दोन दिवे एकत्र लागलेले असताना घाट उतरू नका.

तिसरी शक्यता जुनी गाडी विकत घेणाऱ्याने आवर्जून तपासावी: चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतच नाही. याचा अर्थ यंत्रणा ठणठणीत आहे असा नाही. कुणीतरी बल्ब काढला आहे, किंवा त्यावर टेप लावला आहे. कधी त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून दिलेली असते, आणि तेव्हा दिवा लागतोही. या शेवटच्या प्रकारात इंजिन सुरू होताच दोन्ही दिवे अगदी एकाच क्षणी विझतात. तसं दिसलं तर मीटर उघडूनच पाहा.

बिघाड कोणता, आणि गुण कोणता

सगळ्याच तक्रारी बिघाडाच्या नसतात. सुट्या खडीवर किंवा मुरुमाच्या रस्त्यावर एबीएस लागलं, की गाडी थांबायला जास्त अंतर घेते. जाम झालेलं चाक खडीचा ढीग समोर साठवून थांबतं, फिरणारं चाक तसं करत नाही. बदल्यात स्टिअरिंग हातात राहतं. कोर्ल्याच्या पुढे रस्ता खराब लागला म्हणून ‘एबीएस नीट चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ब्रेक दाबलेला असताना चाक खड्ड्यावरून किंवा गतिरोधकाच्या पट्ट्यांवरून उडालं, तर पेडलला क्षणभर थरथर जाणवते, तेही स्वाभाविक. गाडी सुरू करून थोडा वेग घेतल्यावर बॉनेटखाली ‘घर्र’ असा एकदाच छोटा आवाज येतो, ती पंपाची तपासणी.

पण कोरड्या, सपाट, चांगल्या डांबरावर हळुवार थांबताना, अगदी शेवटच्या टप्प्यात, पेडल थरथरलं आणि गाडी पुढे सरकली, तर तो नक्की बिघाड आहे, दिवा लागलेला नसला तरीही.

घाट उतरताना पेडल हळूहळू मऊ पडत जाणं हा वेगळा विषय आहे. वरंध घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक धरून उतरलं, की जुनं, पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल उकळतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उकळबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर त्याचा मानक किमान 155 पर्यंत उतरतो. यावर उपाय म्हणजे दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं आणि खालच्या गिअरमध्ये उतरणं. एबीएस खोलायची गरज नाही.

पहिली पायरी: बदलांची यादी

पाना हातात घेण्याआधी कागद घ्या. गाडीत मूळ कंपनीपेक्षा वेगळं जे जे आहे ते लिहा आणि जमेल तिथे त्यापुढे तारीख टाका. मग दिवा पहिल्यांदा कधी लागला ते लिहा. बऱ्याचदा उत्तर इथेच दिसतं. बदल आणि बिघाड यांचे नेहमीचे संबंध असे आहेत:

• गाडी खाली बसवली, शॉकअप बदलले: मूळ शॉकअपवर सेन्सरची वायर अडकवायची क्लिप असते, बाजारातल्या शॉकअपवर अनेकदा नसते. वायर मग केबल-टायने कशीतरी बांधली जाते. स्टिअरिंग पूर्ण वळलं की ती ताणली जाते किंवा टायरला घासते.

• हब-बेअरिंग बदललं: अनेक गाड्यांत चुंबकीय चकती बेअरिंगच्या सीलमध्येच असते. बेअरिंग उलटं बसलं किंवा चकती नसलेलं स्वस्तातलं आलं, तर नवा सेन्सर घालूनही ठोके येणार नाहीत.

• ॲक्सल किंवा बाहेरचा सीव्ही जॉइंट बदलला: दातेरी रिंग त्यावर असते. दातांची संख्या जुन्याशी जुळलीच पाहिजे. एका-दोन दातांचा फरकही त्या चाकाचा वेग चुकीचा दाखवतो.

• मोठे ब्रेक, वेगळे कॅलिपर बसवले: पाइप उघडले गेले, हवा आत गेली, सेन्सरचा ब्रॅकेट वाकला, असं काहीही झालेलं असू शकतं.

• बॅटरी डिकीत हलवली, मोठा ॲम्प्लिफायर बसवला, इंजिन बदललं: अर्थिंग आणि वीजपुरवठा आधी तपासा.

• ब्रेक लाइटला एलईडी बल्ब लावले: ब्रेक-स्विचच्या सर्किटचा बिघाड-कोड स्कॅनरवर येऊ शकतो.

• ज्या गाडीत ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे तिचं अलाइनमेंट केलं किंवा स्टिअरिंग काढलं: एबीएसबरोबर ईएसपीचा दिवा लागला तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर लावावा लागतो.

टायरचा हिशेब घरीच करा

हा मुद्दा फुकटात तपासता येतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. कंट्रोलरला टायर दिसत नाही, फक्त फेऱ्या दिसतात. टायरचा व्यास बदलला की फेऱ्या बदलतात.

पोलोचं उदाहरण घेऊ. 185/60 आर 15 या टायरचा व्यास असा निघतो: रिम 15 इंच, म्हणजे 381 मिलिमीटर. टायरची बाजू 185 च्या 60 टक्के, म्हणजे 111 मिलिमीटर, वर आणि खाली मिळून 222. एकूण 603 मिलिमीटर. आता 16 इंची अलॉय घेऊन 195/55 टायर घातला, तर व्यास सुमारे 621 मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ तीन टक्के मोठा. त्याच रिमवर 195/50 घातला, तर तो सुमारे 601 येतो आणि मूळ मापाशी जुळतो.

चारही टायर सारख्याच मापाने बदलले, तर एबीएसचं फारसं बिघडत नाही. स्पीडोमीटर थोडा कमी वेग दाखवतो एवढंच. अडचण येते ती पुढे एक माप आणि मागे दुसरं असलं की. पुढचे दोन नवे आणि मागचे दोन पार झिजलेले असले, किंवा स्टेपनी लहान मापाची असली, तरी तेच घडतं. थोडा फरक कंट्रोलर सांभाळून घेतो. त्याच्या मर्यादेबाहेर गेला, की ‘वेग न जुळणारा’ असा कोड टाकून यंत्रणा बंद करतो. ती मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. याची खूण अशी: दिवा सुरुवातीला विझतो, गाडी काही अंतर एका वेगात सरळ चालली की लागतो, आणि चावी बंद-चालू केली की पुन्हा विझतो. अशा गाडीत सेन्सरला हात लावण्याआधी चारही टायरची मापं वाचा आणि चारहींत हवा सारखी भरा.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

बाजारात मिळणारं स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतं. ‘कोड काहीच नाही’ असं त्याने दाखवलं म्हणजे एबीएस ठीक आहे असं नाही. एबीएस मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर हवा. स्कोडा-फोक्सवॅगनसाठी व्हीसीडीएस आणि फियाटसाठी मल्टिईसीयूस्कॅन ही हौशी मंडळींच्या वापरातली नावं आहेत. त्या गाडीला लागू होणारी केबल त्यांच्याबरोबर हवी.

जुन्या स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये 00283 म्हणजे पुढचं डावं चाक, 00285 पुढचं उजवं, 00287 मागचं उजवं आणि 00290 मागचं डावं. सर्वसाधारण पद्धतीत सी0035, सी0040, सी0045 आणि सी0050 हे कोड अनुक्रमे पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं आणि मागचं उजवं चाक दाखवतात. कोडपुढचं वर्णनही वाचा. ‘सर्किट तुटलेलं’ असं असेल तर वायर, कपलर किंवा सेन्सर. ‘सिग्नल अविश्वसनीय’ असं असेल तर रिंग, बेअरिंग, टायर किंवा सेन्सर आणि रिंगमधलं अंतर.

कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. म्हणून कोड लिहून ठेवा, पुसा, आणि लाइव्ह डेटा (चारही चाकांचे त्या क्षणीचे वेग) लावून गाडी सावकाश चालवा. चालकाने रस्त्याकडे बघायचं, स्क्रीनकडे शेजारच्याने. गाडी सरळ रेषेत 20 किलोमीटरच्या वेगाने जात असताना चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. कोणता आकडा आधी शून्यावर पडतो, कोणता मध्येच उडी मारतो, कोणता सतत थोडा जास्त किंवा कमी राहतो, ते टिपा. सतत फरक असेल तर टायर किंवा दातांची संख्या. मध्येच उडी असेल तर रिंग किंवा वायर. वळताना पडत असेल तर ताणलेली वायर किंवा ढिलं बेअरिंग.

सेन्सर मोजताना

आधी सेन्सरचा प्रकार ओळखा. दोन प्रकार आहेत आणि दोघांची तपासणी वेगळी आहे.

जुन्या धाटणीचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवतीची साधी कॉइल. कपलर काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजता येतो. तो गाडीप्रमाणे साधारण 800 ते 2000 ओहमच्या दरम्यान असतो. अनंत दाखवला तर आत तुटलेला, शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट. मॅन्युअलमधला आकडा नसेल, तर डाव्या आणि उजव्या बाजूची तुलना करा, दोन्ही जवळपास सारखे हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा. काही दशांश व्होल्टपर्यंतचा हलता आकडा दिसला आणि चाक जोरात फिरवल्यावर तो वाढला, की सेन्सर जिवंत आहे.

नव्या धाटणीच्या सेन्सरमध्ये छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला कंट्रोलरकडून वीज लागते आणि तो बहुधा सुमारे 7 आणि 14 मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांत उत्तर देतो. याचा रोध मोजू नका. आकडा निरर्थक येतो आणि मीटरच्या करंटने सेन्सर बिघडूही शकतो. त्याऐवजी चावी ऑन करून गाडीकडच्या कपलरवर पुरवठा येतो का ते पाहा, आणि बाकीचं लाइव्ह डेटावर सोडा.

दोन्ही प्रकारांत सर्वांत खात्रीची चाचणी अदलाबदलीची आहे. डावा आणि उजवा सेन्सर सारखा असेल, तर आपसांत बदला. कोड दुसऱ्या चाकावर गेला तर सेन्सर दोषी. कोड जागेवरच राहिला तर दोष वायर, रिंग किंवा बेअरिंगमध्ये आहे आणि नव्या सेन्सरचे पैसे वाचले. जुन्या गाडीत सेन्सर गंजून हबमध्ये घट्ट बसलेला असतो. तो पक्कडीने पिळून काढायला गेलात की तुटतो. गंज सोडवणारा स्प्रे मारा, वेळ द्या, अलगद दोन्हीकडे फिरवत काढा. बसवताना भोक साफ करा, कारण गंजाच्या थरावर टेकलेला सेन्सर रिंगपासून लांब राहतो. हे अंतर साधारण एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतं, त्यामुळे कागदाच्या चार-पाच थरांएवढा गंजही फरक पाडतो.

दिवा न लागता थरथरणारं पेडल

हा बिघाड सर्वांत जास्त चकवतो, म्हणून तो जवळून पाहू. समजा, पंधरा वर्षं जुनी टर्बो हॅचबॅक आहे. दिवा नाही, कोड नाही. आंबवड्याच्या बाजारात हळू थांबताना, साधारण दहा किलोमीटरच्या वेगाला, पेडल टकटकतं आणि गाडी हातभर पुढे सरकते.

अशा वेळी चाक काढून रिंग बघा. रिंग ॲक्सलवर दाबून बसवलेली असते. तिच्याखाली पाणी मुरून गंज धरला, की तो गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि रिंगला आतून बाहेर ढकलतो. शेवटी रिंगला केसासारखी चीर पडते. त्या एका जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं. 603 मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत सुमारे 1.9 मीटर जातं. दहा किलोमीटरच्या वेगाला ते सेकंदाला साधारण दीड फेरी मारतं. 48 दातांच्या रिंगमधून सेकंदाला सत्तरेक ठोके येतात, आणि प्रत्येक फेरीत एक ठोका उशिरा येतो. कंट्रोलरला वाटतं, चाक जाम होतंय. तो दाब सोडतो. वेग जास्त असताना हा उशीर इतका छोटा असतो की तो गाळला जातो. म्हणून तक्रार फक्त थांबताना दिसते.

वायर ब्रशने रिंग साफ करा, टॉर्चच्या उजेडात ॲक्सल सावकाश पूर्ण फिरवा, प्रत्येक दाताची खाच पाहा. खाचांत अडकलेला चिखल आणि ब्रेक पॅडची लोखंडी भुकटी काढा. भातशेतीच्या भागात पावसाळाभर फिरलेल्या गाडीला एवढ्या साफसफाईनेच गुण येण्याचा संभव असतो. चीर असेल तर रिंग बदलायची. वेल्डिंगचा टाका मारून किंवा चिकटवून भागवू नका. चुंबकीय चकती असलेल्या बेअरिंगजवळ चुंबक लावलेली हत्यारं नेऊ नका आणि नवं बेअरिंग दाबताना चकतीची बाजू सेन्सरकडेच राहील याची खात्री करा.

गाडी उचलताना एक पथ्य पाळा: फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, खाली स्टँड लावायचाच.

वीज आणि अर्थिंग

पंपाची मोटर सुरू होताना मोठा करंट ओढते. म्हणून पंप आणि वाल्व यांना वेगळे, जाड फ्यूज असतात, साधारण 25 ते 40 अँपिअरचे. ज्या गाड्यांत ते बॅटरीच्या वरच्या पेटीत असतात, तिथे उष्णतेने आणि ढिल्या नटांनी प्लास्टिक वितळलेलं आहे का ते आधी बघा. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका, दोन्ही टोकांना मीटर लावा.

इथे साधा मीटरही फसवू शकतो. गंजलेल्या, एकाच तारेवर तग धरलेल्या वायरमधूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. म्हणून ब्रेक लाइटचा 21 वॉटचा साधा बल्ब घ्या आणि कपलरच्या पुरवठ्यावर आणि अर्थिंगवर लावून पाहा. बल्ब लख्ख पेटला तर रस्ता मोकळा. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. हा बल्ब जाड पुरवठ्याच्या पिनांवरच लावायचा, सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरला कधीही नाही.

बॅटरी निवांत असताना सुमारे 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. डिकीत हलवलेल्या बॅटरीची अर्थिंग पत्र्यावरचा रंग खरवडून, नट घट्ट करून दिलेली आहे का ते तपासा. ॲम्प्लिफायरची किंवा जादा दिव्यांची वायर एबीएसच्या फ्यूजवरून घेतलेली असेल तर ती आजच काढून टाका.

पंप-मॉड्यूल सर्वांत शेवटी

सेन्सर, रिंग, वायर, वीज यांची सगळ्यांची खात्री पटल्यावरच मॉड्यूलकडे वळा. जुन्या स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये 01276 हा पंपाचा आणि 65535 हा कंट्रोलरच्या आतल्या दोषाचा कोड आहे. पण 01276 पुरवठा नसल्यामुळेही येतो, हे विसरू नका. मॉड्यूल खरंच गेलं असेल, तर इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करून घेता येतो. जुन्या बाजारातलं घ्यायचं असेल, तर पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. दिसायला सारख्या दोन मॉड्यूलमध्ये ईएसपी असलेलं आणि नसलेलं असा फरक असतो, आणि बसवल्यावर स्कॅनरने कोडिंग करावं लागतं.

पाइप उघडले की हवा काढण्याचं काम येतं. मॉड्यूलच्या आतल्या वाटांत हवा अडकली, तर नुसतं पेडल मारून ती निघत नाही. स्कॅनरने पंप आणि वाल्व चालवून हवा काढावी लागते. याची खूण: पेडल चांगलं लागतंय असं वाटतं, पण एकदा एबीएस कामाला लागलं की त्यानंतर ते मऊ पडतं. ऑइल कंपनीने सांगितलेलंच घाला. सिलिकॉनचं डॉट 5 एबीएसच्या गाडीत घालू नये. डॉट 5.1 हा वेगळा प्रकार आहे, नावावरून गोंधळ करू नका.

जुगाडाची किंमत

फ्यूज काढून एबीएस कायमचं बंद करणं, मीटरमधला बल्ब काढणं, किंवा मॉड्यूलच काढून पाइप सरळ जोडणं हे सल्ले मिळतात. शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. ज्या गाडीत मागच्या चाकांचा दाब ईबीडी सांभाळते, तिच्यात वेगळा दाब-वाल्व नसतो. मॉड्यूल काढलं की मागच्या चाकांवर लगामच उरत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विम्याचा दावा करताना काढून टाकलेली सुरक्षा यंत्रणा तुमच्याच विरोधात उभी राहते. त्याहून मोठं म्हणजे, समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या माणसाने तुमच्या जुगाडाला संमती दिलेली नसते.

काम संपलं हे कशावरून ठरवायचं

दिवा विझला म्हणजे काम झालं असं नाही. कोड पुसा, गाडी सरळ, वळणावर, खडबडीत अशा वेगवेगळ्या रस्त्यांवर चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. कोड परत आलेले नसावेत, चारही चाकांचे आकडे एकसारखे चालावेत. मग मोकळ्या, सपाट जागेवर, आसपास माणूस-जनावर नाही याची खात्री करून, ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने पूर्ण ब्रेक मारा. पेडल थरथरलं पाहिजे, गाडी सरळ थांबली पाहिजे, चाकांच्या काळ्या लांब रेघा उमटता कामा नयेत. ही चाचणी चालू रस्त्यावर किंवा घाटात करू नका.

शेवटी बदलांची ती यादी फेकू नका. त्यात आजचं काम, मोजलेले आकडे, घातलेल्या पार्टचे नंबर आणि तारीख भरा, आणि कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. गाडी विकाल तेव्हा तो पुढच्या मालकाला द्या. पुढच्या वेळी दिवा लागेल तेव्हा तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या मेकॅनिकला सेन्सरऐवजी त्या कागदापासून सुरुवात करता येईल.